कागद, शिसे आणि नेम

मागच्या व्याख्यानानंतर चाकणच्या एका कारखान्यात काम करणारे एक श्रोते भेटले. त्यांचा प्रश्न असा : "सर, जुन्या रायफलीच्या शिशाच्या गोळीला कागद गुंडाळायचे, आणि त्याने नेम सुधारायचा म्हणे. कागदाने नेम कसा सुधारेल?" आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, बंदुकीचे नव्हे. पण या प्रश्नाचा शोध घेताना आमचीच एक जुनी चूक हाती लागली. तीच आज मांडायची आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. जानेवारी १७७९. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून ९ तारखेला तळेगावात पोचली. मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळले होते. दाणापाणी नाही, चहूकडे महादजी शिंद्यांचे घोडेस्वार. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा इथल्या तळ्यात टाकल्या आणि माघार घेतली. पुढे वडगावला कोंडी झाली आणि तह करावा लागला. हे आपल्याला पाठ आहे. पण त्या शिपायांच्या पडतळ्यात, म्हणजे काडतुसांच्या पिशवीत, काय होते ते आपण बघत नाही.

कागद होता. कागदाच्या पुडीत दारू आणि एक शिशाची गोळी. शिपाई पुडी दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायचा, मग गोळी कागदासकट गजाने ठासायचा. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याच्याही मुळाशी 'कागद' हाच अर्थ आहे.

त्या काळच्या ब्रिटिश बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, व्यास सुमारे पाऊण इंच. गोळी त्याहून साधारण दीड मिलिमीटरने लहान. असे का? दारूची काजळी नळीत साचते. गोळी घट्ट बसणारी केली तर दहा-बारा बारांनंतर ती आत जाणारच नाही. म्हणून मुद्दाम सैल ठेवायची. मग ती नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडणार, आणि शेवटच्या आपटीवर तिची दिशा ठरणार. शिपाई कितीही चांगला असो, शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे निम्मे नशीब. चाकणच्या मंडळींना हे लगेच कळेल : फिट सैल, तर काम वाकडे.

यावरचा उपाय माहीत होता. नळीच्या आत सर्पिल खाचा कोरायच्या. गोळीने त्या पकडल्या की ती भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. पण खाचा पकडायच्या तर गोळी घट्ट हवी, आणि तोंडातून ठासायची तर सैल हवी. ही खरी अडचण, बरं का. १८५३ च्या एनफील्ड रायफलीने ती अशी सोडवली : गोळी लांबट, नळीपेक्षा किंचित बारीक, बार उडाला की मऊ शिसे फुगून खाचांत बसते. भोवती कागद, आणि कागदाला वंगण. गोळी मधोमध राहते, सहज उतरते, काजळी मऊ राहते.

पुढे १८७१ साली ब्रिटिश सैन्यात मार्टिनी-हेन्री आली. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की मागचे दार उघडते, काडतूस मागूनच भरायचे. आता गोळी सैल ठेवण्याची गरजच उरली नाही. तरीही कागद राहिला. का? कारण काम बदलले. शिसे जोराने खाचांतून गेले की घासून नळीला चिकटते आणि पुढची गोळी बिघडवते. तलम कागदाचे वेढे दिले की खाचा कागदाला पकडतात, शिसे धातूला लागत नाही. नळीबाहेर पडताच कागद फाटून गळून जातो आणि उघडी गोळी पुढे जाते. मात्र प्रत्येक गोळीचा कागद तितकाच जाड, तितकाच ताणलेला हवा. टोके एकमेकांवर चढता कामा नयेत. शिसेही एकाच मिश्रणाचे हवे. श्रोत्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे : कागद गोळीला हुशार करत नाही, तो प्रत्येक गोळीला आधीच्या गोळीसारखी करतो. अचूकपणा म्हणजे मुख्यतः सारखेपणा.

आता आमच्या चुकीकडे येऊ. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात १८५७ चे उदाहरण द्यायचो : "एकीकडे विज्ञान, दुसरीकडे समजूत." विद्यार्थी ते वहीत लिहून घ्यायचे. आज आम्हाला ते साफ चूक वाटते.

बघा, वडगावच्या वेळीही कंपनीच्या फौजेत बहुसंख्य शिपाई आपलेच होते, आणि तेही दातांनी कागद फाडत होते. पुढे पाऊणशे वर्षे फाडत राहिले. तेव्हा धर्म नव्हता का? होता. फरक एवढाच की नव्या काडतुसाला चरबीचे वंगण होते, आणि ती कोणत्या प्राण्याची हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. आक्षेपार्ह चरबी येणार नाही याची खास काळजी घेतली गेली नव्हती. म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारे सरकार वंगणाची चौकशी करत नव्हते. शिपायाचा प्रश्न नेमका होता. उत्तर ढोबळ होते.

मग सवलती आल्या. वंगण तुमचे तुम्ही लावा, दातांऐवजी हाताने फाडा. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. फेब्रुवारी १८५७ मध्ये बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी सांगितले की हा चकचकीत कागदच संशयास्पद आहे. एप्रिलमध्ये मेरठला नव्वदपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली, आणि ती तर जुन्याच पद्धतीची होती! विश्वास गेला की जुनी वस्तूही नवी होते. आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्येही ही काडतुसांची हकिकत येते. म्हणजे ती वाटसरूंच्याही कानी पडली होती.

आणि त्यानंतर सरकारने काय केले? हिंदी शिपायांसाठी दिसायला एनफील्डसारखीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक बनवली. खाचाच नाहीत! ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या हातातला नेम काढून घेतला. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे आधीच्या पिढीची स्नायडर होती. इथून जवळच, खडकीला, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो याच संशयाच्या काळात.

तेव्हा आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगू इच्छितो की ते वाक्य वहीतून खोडा. कागद नळीत नीट बसतो की नाही हे त्या कारागिरांनी काटेकोर तपासले. तो माणसाच्या तोंडात बसतो का, हे तपासायला मात्र कोणी नव्हते. हा प्रश्न मागासलेला नव्हता. तोही फिटचाच प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा हक्क ज्याच्या दातांत कागद, त्याचाच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या प्रश्नाने आमचे एक व्याख्यान दुरुस्त झाले आहे.