तिकिटाच्या दोन खिडक्या

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी तेवढंच लिहून ठेवलं. पण माणसाची किंमत कुठं ठरते ते बघायचं असेल तर तिकिटाच्या खिडकीपाशी उभं राहावं. मी इथं अमेरिकेतल्या जुन्या फिरत्या सर्कशींबद्दल लिहितो आहे. त्या जाहिरात कशी करायच्या आणि तिकीट कसं विकायच्या, एवढंच. १९७२ पासून पँथर हे नाव आपल्या तोंडात आहे. ज्यांच्यावरून ते घेतलं त्यांच्या बापआज्यांना सर्कशीच्या दारात कसं उभं केलं जायचं, हे मात्र आपल्यात फार थोड्यांनी वाचलंय.

सुरुवात बार्नमपासून करावी लागते. १८३५ साली या पंचविशीतल्या दुकानदारानं जॉइस हेथ नावाच्या म्हाताऱ्या, आंधळ्या, गुलाम काळ्या बाईला लोकांपुढं मांडायचा हक्क एक हजार डॉलरला घेतला. जाहिरात केली की ही बाई १६१ वर्षांची आहे, जॉर्ज वॉशिंग्टनला तान्हेपणी हिनंच सांभाळलं. लोक लोटले. गर्दी ओसरायला लागली तेव्हा पेपरात पत्र आलं की ही बाई खरी नाहीच. व्हेल माशाचं हाड, रबर आणि स्प्रिंगा घालून केलेलं यंत्र आहे. पत्राची सगळी चाल बार्नमची. लोक पुन्हा तिकीट काढून आले. १८३६ च्या फेब्रुवारीत ती मेली, तरी सुटली नाही. न्यूयॉर्कमध्ये तिच्या प्रेताची चिरफाड जाहीर करण्यात आली. तिकीट ५० सेंट, प्रेक्षक दीड हजाराच्या आसपास. डॉक्टर म्हणाला, वय ऐंशीच्या वर नाही. त्यावरही पेपरांत वाद रंगला आणि बार्नमचं नाव आणखी गाजलं. जाहिरातीचा बादशहा म्हणून ज्याचे गोडवे गातात, त्यानं पहिला धडा एका काळ्या बाईच्या देहावर गिरवला.

हाच बार्नम १८७१ साली सर्कशीत उतरला. १८७२ पासून त्याची सर्कस रेल्वेनं फिरायला लागली आणि धंद्याची रीतच बदलली. सर्कस यायच्या काही आठवडे आधी जाहिरातीचा स्वतंत्र डबा गावात यायचा. त्यात रंगीत पोस्टरांचे गठ्ठे, खळ शिजवायची सोय आणि पोस्टर डकवणारे गडी. घोडागाडी घेऊन हे गडी आसपासच्या खेड्यांत शिरायचे. गोठा, कोठार, दुकानाची भिंत, मिळेल तिथं चित्र. भिंतीच्या मालकाला भाडं नाही, फुकटचा पास. मागून दुसरा माणूस तपासणीला यायचा. पोस्टर फाडलेलं किंवा झाकलेलं दिसलं की पास रद्द. दुसरी सर्कस त्याच मुलखात येणार असेल तर तिच्या नालस्तीची पत्रकं निघायची, नाहीतर ‘थांबा, खरी मोठी सर्कस मागून येतेय’ असे फलक लागायचे. खेळाच्या दिवशी सकाळी रस्त्यातून मिरवणूक. हत्ती, पिंजरे, बँड. बघायला पैसा नाही. मिरवणूक संपायची ती तंबूपाशी, आणि तिथं पैसा लागायचा.

तिकिटाची गाडी बहुतेक लाल रंगाची. मोठ्यांना ५० सेंट, पोरांना निम्मं, हा बरीच वर्षं चाललेला दर. चांगल्या जागेला वरचे पैसे, बाहेरच्या छोट्या तंबूतल्या ‘साइड शो’ला वेगळं तिकीट, खेळ संपल्यावर गाण्याबजावणीला आणखी वेगळं. खिडकी मुद्दाम उंच. खालच्या माणसाला फळी दिसायची नाही. मागं रेटारेटी, विकणारा ओरडतोय ‘चला, पुढं चला’, आणि गडी सुटे पैसे फळीवरच विसरून जायचा. ते पैसे विकणाऱ्याच्या खिशात. काही सर्कशींत त्याला पगार नावालाच असायचा, कारण त्याची कमाई इथं व्हायची हे मालकाला पक्कं ठाऊक होतं.

आता मुद्द्यावर येतो. दक्षिणेकडच्या राज्यांत सर्कशी जायच्या त्या पावसाळी अंदाजानं नाही, कापसाच्या हिशेबानं. शरद ऋतूत कापूस विकला की काळ्या शेतमजुराच्या, बटईदाराच्या हातात वर्षातून एकदा रोख पैसा खुळखुळायचा. वऱ्हाडातल्या पोरांना हे जास्त समजावून सांगायला नको. तो पैसा सर्कशीला हवा होता. म्हणून पोस्टर सगळ्यांना बोलवायचं. पोस्टरात काळ्यांसाठी वेगळी शाई नव्हती. मिरवणूकही सगळ्यांपुढून जायची.

आणि मग १९१४ साली लुइझियाना राज्यानं कायदा केला. ज्या सर्कशीत, तंबूच्या खेळात एकाहून जास्त वंशांचे लोक येणार असतील, तिथं तिकिटाच्या निदान दोन खिडक्या हव्यात, दोन वेगळे विकणारे हवेत, दोन दारं हवीत. तंबूचा खेळ असेल तर दोन खिडक्यांमध्ये निदान पंचवीस फूट अंतर हवं. पंचवीस फूट! दोस्तहो, आपल्याकडं सावली किती लांब पडते हे मोजायचे, तिकडं कायद्यात टेप लावून मोजलं. माणसं वेगळी, दारं वेगळी, नाणं मात्र दोन्ही खिडक्यांतून एकाच गल्ल्यात.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. म्हणजे ते त्या देशात असतानाच हा कायदा झाला. पुढं १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि काळे यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं.

तंबूच्या आत काय होतं तेही बघा. तंबू उभारायला, खुंट ठोकायला काळे मजूर. पी. जी. लोवरीसारखा नामांकित कॉर्नेटवादक बँड घेऊन सर्कशीत आला, तरी त्याच्या काळ्या बँडची जागा साइड शोत. मोठ्या तंबूतला बँड गोऱ्यांचा. म्यूझ आडनावाच्या दोन काळ्या भावांचा रंग जन्मतः पांढरा होता, म्हणून त्यांना ‘मंगळावरचे वकील’ म्हणून वर्षानुवर्षं तिकिटावर दाखवलं. त्यांची आई हॅरिएट धुणीभांडी करणारी बाई. १९२७ साली सर्कस त्यांच्या गावी, रोनोकला आली तेव्हा ती आत शिरली आणि आपली पोरं घेऊन बाहेर आली. सर्कशीशी ती कोर्टकचेरीला भिडली. १९२८ साली पोरं परत कामाला गेली ती पगार ठरवून गेली. त्याच १९२७ साली इकडं महाडला चवदार तळ्याचं पाणी पेटलं होतं. या दोन गोष्टींना एकमेकींची खबर नव्हती. पण दोन्हीकडं माणूस दारातून आत शिरला.

काही विद्वान सांगतात, बाजार आला की जात जाते, पैशाला जात नसते. मी त्यांना या दोन खिडक्या दाखवीन. बाजारानं काळ्याला बोलावलं ते त्याच्या पैशासाठी, आणि दारात आल्यावर त्याला पंचवीस फूट बाजूला केलं. आपल्याकडं तर बोलावणंही आपल्याच तोंडून गेलं. गावची दवंडी महारानं द्यायची, हलगी मांगानं वाजवायची, जत्रा सगळ्या गावाला कळवायची. आणि जत्रेत आपण उभं कुठं राहायचं? कडेला.

त्या खिडक्या आपोआप मिटल्या नाहीत. अमेरिकेत काळ्यांनी रस्त्यावर मार खाल्ला, तुरुंग भरले, तेव्हा १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. करमणुकीच्या ठिकाणी वंशावरून भेद करायला त्यानं बंदी घातली. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही नाव घेऊन लिहिली आहेत. वाचताना आपण विहीर आणि तळं वाचतो, करमणूक सोडून देतो. सोडू नका. माणसं जिथं हसायला, टाळ्या वाजवायला एकत्र येतात, तिथं एकाच रांगेत उभं राहण्याची भीती त्यांना सगळ्यात जास्त वाटली. नाहीतर सर्कशीसाठी कायदा करायची पाळी कशाला आली असती?

तेव्हा गावात तंबू लागला, जत्रा भरली, मंडप पडला, की आधी पोस्टर वाचा आणि मग दार मोजा. बोलावलंय कुणाला आणि आत घेतायत कुणाला, याची नोंद ठेवा. आपला इतिहास आपल्यालाच लिहायचाय, आणि तो अशा नोंदींतूनच लिहिला जातो.