म्हैसूर व अर्काट : भूवेष्टित आणि सागरी शेजारी

म्हैसूर व अर्काट ही अठराव्या शतकातील दक्षिण भारतातील दोन शेजारी राज्ये. म्हैसूर दख्खनच्या पठारावरचे. 1763 ते 1799 ही छत्तीस वर्षे सोडली तर 1956 पर्यंत त्याला समुद्र नव्हता. अर्काटच्या नवाबीकडे पूर्व घाटाखालचा सपाट मुलूख आणि चोळमंडलचा लांबलचक किनारा होता. राजधानी अर्काट पालार नदीकाठी, आजच्या चेन्नईपासून सुमारे 110 किमी पश्चिमेस. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘कर्नाटक’ म्हणून येणाऱ्या प्रदेशात अर्काटचा मुलूखही असे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. समुद्र कोणाकडे होता, या प्रश्नाचे उत्तर नकाशात दिसते तितके सरळ नाही.

नवाबीचा किनारा होता नवाबाचा, पण त्यावरची कामाची बंदरे परक्यांची. मद्रास इंग्रजांचे (1639 पासून), पुदुच्चेरी फ्रेंचांचे, दक्षिणेकडे नागपट्टणम डचांचे, तरंगंबाडी डेनिशांचे. तंजावरच्या भोसल्यांकडेही हेच झाले : 1739 मध्ये कारैकल फ्रेंचांना गेले, 1749 मध्ये देवीकोट्टै इंग्रजांना. 1740 मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजेने दामलचेरूच्या खिंडीत नवाब दोस्त अलीला ठार केले, तेव्हा नवाबाच्या कुटुंबाने आसरा घेतला तो पुदुच्चेरीच्या तटामागे. स्वतःच्या किनाऱ्यावर पाहुणे होऊन राहण्याची ही सुरुवात. सहा वर्षांनी फ्रेंचांनी मद्रास घेतले आणि ते सोडवायला आलेली नवाबाची मोठी फौज अड्यार नदीच्या मुखाशी मूठभर फ्रेंच पलटणीने उधळून लावली. हे रणक्षेत्र आज चेन्नई शहराच्या पोटात आहे.

बंदरे परक्यांच्या हाती राहण्याला भूगोलाचेही कारण आहे. मद्रासला नैसर्गिक बंदर नाही. किनारा उघडा, वाळूचा, आणि लाटा सलग दोन-तीन रांगांनी फुटणाऱ्या. जहाजे दूर नांगर टाकत आणि माल, माणसे ‘मसुला’ होड्यांतून काठावर येत. या होडीत लोखंडी खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, त्यामुळे लाटेने वाळूवर आपटले तरी होडी फुटण्याऐवजी लवे. ती हाकणारे कोळीच हा दरवाजा उघडू-मिटू शकत. अशा किनाऱ्यावर आरमार बाळगणे महाग, आणि नवाबी होती घोडदळाच्या व सारावसुलीच्या परंपरेतली. जकात आणि भाडे मिळाले की तिला समुद्र पुरेसा वाटे.

म्हैसूरची गोष्ट उलट. म्हैसूरचा सत्ताधारी हैदर अली याने 1763 मध्ये बिदनूर जिंकले आणि त्याबरोबर मंगळूरसह कानडा किनारा हाती आला. त्याने लगोलग जहाजे बांधायला घेतली. मंगळूरचा तांदूळ, मिरी, चंदन मस्कतकडे जाई. पुढे त्याच्या मुलाने, टिपूने, तिथे व्यापारी कोठीही ठेवली. समुद्राची ही ओढ निव्वळ व्यापाराची नव्हती : घोडे, दारूगोळ्याचे साहित्य आणि युरोपीय कारागीर येण्याचा रस्ता तोच होता.

घाट उतरून मद्रासवर जाणे म्हैसूरला जड नव्हते. 1769 मध्ये हैदर निवडक घोडदळासह थेट सेंट थॉमस टेकडीपर्यंत पोहोचला आणि इंग्रजांना एप्रिलमध्ये मद्रासचा तह करणे भाग पडले. 1780 च्या स्वारीत तर त्याने कांचीपुरमजवळ पोल्लिलूरला कर्नल बेलीची तुकडी बुडवली, अर्काट घेतले, मद्रासभोवतीचा मुलूख ओसाड केला. इतके करूनही मद्रास पडले नाही. इंग्रज सेनापती आयर कूट बंगालहून जहाजाने फौज घेऊन आला, धान्यही बंगालमधूनच समुद्रमार्गे आले. त्याच डिसेंबरात इंग्रज ॲडमिरल ह्यूजने मंगळूरला हैदरची जहाजे नष्ट केली. सफ्रेनचे फ्रेंच आरमार 1782 मध्ये आले, त्याने ह्यूजशी पाच लढाया केल्या, पण समुद्र इंग्रजांच्या हातून सुटला नाही. हैदर त्याच वर्षी चित्तूरजवळच्या छावणीत वारला. मैदानावरच्या विजयांचे मोल या युद्धात समुद्राने ठरवले, असे म्हणायला जागा आहे.

1792 च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने अर्धे राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये गमावले. मलबार किनारा गेला. तहाआधीच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने होते, आणि पेशव्यांच्या वाट्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख आला. टिपूचे दोन मुलगे ओलीस म्हणून मद्रासला राहिले. 1799 मध्ये टिपू पडल्यावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने कानडा किनारा आणि कोइमतूर स्वतःकडे ठेवून उरलेले राज्य जुन्या राजघराण्याला, वडेयरांना, परत दिले, वर्षाला सात लाख होनांच्या खंडणीवर. म्हैसूर चहूबाजूंनी बंद झाले. जगात याच्या जवळचे उदाहरण बोलिव्हियाचे : 1879 ते 1884 च्या युद्धात किनारा चिलीला गेला, तरी तो देश अजून नौदल बाळगतो.

आणि सागरी शेजारी? नवाब महंमद अली वालाजाह 1768 पासून मद्रासच्या चेपॉक महालात, मरीनाच्या वाळूशेजारी, इंग्रजांच्या कर्जावर राहत होता. हे कर्ज इतके गाजले की 1785 मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटात त्यावर भाषण केले. 1801 मध्ये कंपनीने सगळी नवाबी ताब्यात घेतली. ज्याला किनारा नव्हता ते म्हैसूर संस्थान म्हणून 1947 पर्यंत टिकले आणि ज्याला होता त्याचे नाव अर्काटचे प्रिन्स या मानापुरते उरले. त्यांचा मुक्काम आजही रॉयपेट्टाच्या अमीर महालात आहे.

संस्थानाला समुद्र लागतच होता. 1864 मध्ये रेल्वे बंगळूरला पोहोचली आणि मद्रास हेच त्याचे बंदर झाले, जरी तिथले कृत्रिम बंदर 1876 नंतर बांधायला घेतल्यावर 1881 च्या वादळाने एकदा उद्ध्वस्त केले. दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (1912-18), पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, भटकळला बंदर असावे या मताचे होते. पण भटकळ उत्तर कानड्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. ती योजना कागदावरच राहिली.

भूवेष्टित राज्य सदैव शेजाऱ्याच्या दारात उभे असते, हा समज कावेरीने खोटा ठरवला. इथे वरचे राज्य म्हैसूर, खालचे मद्रास. तंजावरची भातशेती वरून येणाऱ्या पाण्यावर. म्हणूनच 1892 च्या करारात मद्रासने म्हैसूरला पूर्वसंमतीविना नवीन बांधकामे करण्यास मनाई केली आणि 1924 मध्ये 50 वर्षांची वाटणी ठरवून घेतली. वर कृष्णराजसागर धरण, खाली 1934 चे मेट्टूर. करार संपल्यावरचा वाद 1990 च्या लवादाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2018 रोजी तमिळनाडूला 404.25 आणि कर्नाटकाला 284.75 अब्ज घनफूट पाणी दिले. त्यातले 4.75 खास बंगळूरच्या पिण्यासाठी.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत मंगळूर व कारवार म्हैसूरला मिळाले आणि 157 वर्षांनी राज्य पुन्हा समुद्राला टेकले. नवमंगळूर बंदर पुढे प्रमुख बंदर झाले. तरी बंगळूरचे बरेच कंटेनर अजून चेन्नईला जातात. मंगळूरचे अंतर जवळपास तितकेच, पण वाटेत सकलेशपूरचा सह्याद्री उभा आहे. पूर्वेकडे पठार मैदानाला सावकाश मिळते, म्हणून व्हाइटफील्डच्या आगारातून मालगाड्या त्याच वाटेने चेन्नईकडे उतरतात.