पुढल्या चाकाचा ब्रेक

फटफटी शिकणाऱ्या मुलाला घरोघरी एक ताकीद ठरलेली असते: “पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील!” ही ताकीद ज्या काळात जन्माला आली, त्या काळी ती अगदीच वेडगळ नव्हती. पहिल्या मोटरसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या आणि त्यांचे ब्रेकही सायकलीच्याच जातीचे होते. खडी आणि धूळ यांच्या रस्त्यावर पुढले चाक अडले की स्वार जमिनीवर येई. त्यामुळे पुढल्या ब्रेकविषयी निर्मात्यांनाही फारसे प्रेम नव्हते. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनी १९०३ साली सुरू झाली. तिच्या गाड्यांना पुढला ब्रेक मिळाला तो १९२८ च्या मॉडेलांपासून!

वास्तविक थांबविण्याची खरी शक्ती पुढल्याच चाकापाशी असते. धावता मनुष्य एकाएकी थांबू लागला की त्याचा तोल पुढे जातो. गाडीचेही तसेच. भार पुढल्या चाकावर येतो, मागले हलके होते, आणि हलके झालेले चाक रस्ता धरीत नाही, नुसते घसरते. मागल्या ब्रेकवर विसंबणारा स्वार आपल्या वाहनाचा दुबळा हातच तेवढा वापरीत असतो.

१९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो याने मोटारीसाठी ड्रम ब्रेकची रचना सिद्ध केली आणि पुढे दुचाकींनीही ती उचलली. ड्रमच्या पोटात दोन अर्धगोल शू असतात. एक कॅम फिरून त्यांना फाकवतो. त्यांपैकी एका शूला ड्रमचे फिरणेच आत ओढून घेते, त्यामुळे तो जास्त घट्ट चिकटतो. दुसऱ्याला मात्र तेच फिरणे मागे रेटते, म्हणून काम बहुतेक पहिलाच करतो. यावर तोड निघाली ती दोन कॅमांची. दोन्ही शू ओढले जातील असे बसवायचे आणि बाहेरून एका सळईने दोन्ही कॅम जोडायचे. तेवढ्याच हाताच्या जोरात पकड पुष्कळ वाढते. मात्र चढावर गाडी मागे घसरू लागली की हेच दोन्ही शू रेटले जातात आणि ब्रेक मवाळ होतो.

१९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि रेडिच येथे आखलेली बुलेट भारतीय झाली. जुन्या बुलेटला एका कॅमचा ब्रेक असे. दोन कॅमांचा पुढे आला. म्हणूनच जुनी बुलेट बाळगणारे पुढल्या चाकाला हा दुसरा ब्रेक बसवून घेतात. मूळ रूप बिघडते म्हणून काही शौकीन नाके मुरडतात. पण घाट उतरताना मूळ रूप कामास येत नाही. मिस्त्रीचे कौशल्य मात्र येथे पणास लागते. जोडसळईची लांबी किंचित चुकली तर एक शू आधी लागतो, दुसरा नुसता पाहत राहतो, आणि सगळा खर्च वाया जातो. लायनर ड्रमच्या गोलाईशी घासून जुळवावे लागते. ब्रेकप्लेट ज्या दांडीने फोर्कला अडकवलेली असते, तिचे नटबोल्टही वाढलेला ताण सोसणारे हवेत. ती निसटली तर चाक जागीच अडते.

ड्रमचा एक दोष मात्र या युक्तीने जात नाही. वेग दुप्पट झाला की थांबताना चौपट उष्णता जिरवावी लागते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, आणि लांब उतारावर ब्रेकची मूठ हळूहळू हँडलला टेकू लागते. उघड्या हवेत फिरणाऱ्या डिस्कला ही अडचण फारशी नाही. फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये १९०२ सालीच घेतले होते. पण मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटरसायकलीवर तेलाच्या दाबाची डिस्क आली ती १९६९ साली, होंडाच्या सीबी ७५० वर. जुन्या बुलेटला ती लावायची तर फोर्कचे पाय, चाकाचा हब आणि हँडलवरील तेलाचे भांडे, सगळेच बदलावे लागते. म्हणून पुष्कळ जण दोन कॅमांपाशीच थांबतात.