जुन्या एटीएम कार्डापासून लाकडी पेनावरची बारीक रेघ कशी बनते?

हाताने घडवलेल्या काही लाकडी पेनांवर गडद लाकडाच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ दिसते. ती रंगवलेली वाटते, पण वर्षानुवर्षं वापरूनही पुसली जात नाही. कारण ती असते प्लास्टिकची चकती, लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवलेली. मुदत संपलेलं एटीएम कार्ड हा त्यासाठी हौशी कारागिरांच्या आवडीचा कच्चा माल आहे.

कार्डच का?

आंतरराष्ट्रीय मानकानुसार बँक कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. बहुतेक कार्डं पीव्हीसीची असतात. हे प्लास्टिक सहज कापता येतं आणि सुपरग्लूने चांगलं चिकटतं.

मात्र कार्डावरचं चित्र पेनावर येत नाही. दिसते ती फक्त कार्डाची कड, म्हणजे बहुतेकदा आतला पांढरा थर. चिप, चुंबकीय पट्टी आणि काही कार्डांच्या आतली तांब्याची तार असलेला भाग वगळावा लागतो. चिप आणि पट्टीचे तुकडे करूनच फेकावेत.

कापायचं कसं?

पेनासाठी साधारण १९ मिलिमीटर चौरस जाडीचा लाकडी ठोकळा घेतात. प्लास्टिकचा तुकडा त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा कापतात. कार्ड कात्रीने कापलं तरी चालतं, कारण वाकडीतिकडी कड नंतर लेथवर निघून जाते. तुकडा सपाट राहणं जास्त महत्त्वाचं. तो वाकला तर फट राहते.

अॅक्रिलिकची पातळ शीट मात्र कात्रीने तडकते. तिच्यावर स्टीलपट्टी धरून कटरने एकाच रेषेवर अनेकदा हलके ओरखडे काढायचे आणि मग टेबलाच्या कडेवर दाबून ती मोडायची.

चिकटवण्याआधी तुकड्याच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवावी लागते. आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांवर सुपरग्लू नीट धरत नाही, त्यामुळे ती टाळलेली बरी.

जोड निसटतो कुठे?

प्लास्टिकला आधी भोक पाडत नाहीत. ठोकळा चिकटवून, पूर्ण वाळल्यावर सगळ्यातून एकदमच ड्रिल करतात. साध्या सडपातळ पेनात ७ मिलिमीटरची पितळी नळी बसते. लाकूड कातून झाल्यावर नळीभोवती जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडी उरते. सगळा जोड तेवढ्यावर टिकतो.

त्यात उष्णता हा मोठा शत्रू. ड्रिल वेगाने दाबलं की प्लास्टिक मऊ होतं, बिटला चिकटतं आणि गोंदही सैल पडतो. म्हणून धारदार बिट, कमी वेग आणि दर थोड्या अंतराने बिट बाहेर काढून भुसा साफ करणं, हे पथ्य पाळावं लागतं. लेथवरही पटाशी धारदार हवी आणि काप अगदी हलका. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क हवाच.

रेघ तिरकी हवी असेल तर?

४५ अंशात कापल्यावर १९ मिलिमीटरच्या ठोकळ्याचा छेद सुमारे २७ मिलिमीटर लांब होतो. प्लास्टिकही तेवढं मोठं लागतं. एकमेकांत गुंफलेल्या कड्यांची नक्षी करायची असेल, तर करवतीने जेवढं लाकूड खाल्लं तेवढीच जाडी प्लास्टिकने भरून काढावी लागते. नाहीतर कडी जुळत नाहीत. करवतीचा काप दीड मिलिमीटरचा असेल, तर दोन कार्डं एकावर एक चिकटवून काम भागतं.

लेझरने का कापू नये?

अॅक्रिलिक लेझरवर स्वच्छ कापलं जातं, म्हणून कार्डही तसंच कापावं असं वाटू शकतं. पण पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतं. लेझरच्या उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो श्वसनमार्गाला इजा करतो आणि यंत्रही गंजवतो. शीट नेमकी कशाची आहे हे माहीत नसेल, तर ती लेझरखाली ठेवूच नये. या कामाला कात्री आणि कटर पुरेसे आहेत.