शस्त्र कायदा, १८७८

ब्रिटिश हिंदुस्थानात बंदुका बाळगणे आणि शस्त्रे घेऊन फिरणे परवान्याखाली आणणारा अधिनियम (१८७८ चा ११ वा). व्हाइसरॉय लिटनच्या कारकीर्दीतला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. तो रिपनने मोडीत काढला, हा मात्र १९६२ पर्यंत टिकला.

वर्णभेदाची मेख कलम २७ मध्ये होती. या कलमाने सरकारला केवळ अधिसूचना काढून कोणत्याही वर्गाला सूट देता येई, आणि ती मिळाली युरोपीय, युरेशियन, आर्मेनियन व अमेरिकन यांना. त्यामुळे खंडाळ्याच्या बंगल्यात उतरलेला साहेब विनापरवाना रायफल खुंटीला टांगू शके. लोहगडाच्या पायथ्याशी रानडुकरांपासून भात राखणाऱ्या मावळातल्या पाटलाला मात्र ठासणीच्या बंदुकीसाठीही अर्ज करावा लागे. नुसती कलमे वाचणाऱ्या अभ्यासकाच्या हातून हा भेद सहज निसटतो. अमेरिकेत मिसिसिपीने १८६५ मध्ये कृष्णवर्णीयांवरची परवानासक्ती उघडपणे कायद्यातच लिहिली होती. तिकडच्या अशा कायद्यांचा माग रॉबर्ट कॉट्रॉल व रेमंड डायमंड या विधि-इतिहासकारांनी १९९१ च्या लेखात काढला. आपल्याकडे माग काढायचा तर जुनी राजपत्रे चाळावी लागतात.

कायद्याने बंडे थांबली नाहीत. फेब्रुवारी १८७९ मध्येच वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह पुणे जिल्ह्यातील धामारी लुटले. सनदशीर बाजूने काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. गांधींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करतानाही हा सल बोलून दाखवला. वंशावर बेतलेली सूट अखेर १९२० च्या नियमांनी गेली. परवाना राहिलाच.

आजचा अधिनियम १९५९ चा. अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या कलम १३ मध्ये आहे. आयुक्तालयाच्या हद्दीत परवान्याचा अधिकार पोलिस आयुक्तांकडे, एरवी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झाल्यापासून मावळ तालुका त्यामुळे दोन दारांत विभागला आहे: तळेगाव दाभाड्याचा अर्जदार आयुक्तांकडे जातो, लोणावळ्याचा पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत.