मातीकामातून आलेलं समीकरण

एक बिंदू आणि चढ कळला की रेषा पक्की होते. अकरावीच्या वर्गात हे फळ्यावर असं येतं: य − य१ = म (क्ष − क्ष१). म हा चढ, (क्ष१, य१) हा माहीत असलेला बिंदू. सूत्र एवढं सोपं, तरी निर्देशक भूमितीचा पाया घातला गेल्यावरही ते या रूपात यायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

रने देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७चा. एकघाती समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे त्याच सुमारास प्येर द फेर्मा यांनी ओळखलं होतं. पण नव्या पद्धतीची खरी ओढ होती वक्रांकडे. सरळ रेषेचं युक्लिडवर भागत होतं.

गरज पडली ती मातीकामात. फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत घडलेले गास्पार मोंज यांनी खणलेली माती भरावाच्या जागी कमीत कमी खर्चात कशी न्यावी, यावर १७८१ साली निबंध लिहिला. तो १७८४मध्ये छापला गेला. माती वाहायच्या वाटा सरळ, म्हणजे ठरलेल्या बिंदूतून ठरलेल्या दिशेनं जाणाऱ्या रेषाच. बिंदू-चढ रूप पहिल्यांदा स्पष्टपणे मांडलेलं दिसतं ते मोंज यांच्या या लेखनात.

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, तेही धरणं, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांसाठी माणसं तयार करायला. आजचं सीओईपी ते हेच. त्याच काळात जवळच्या बोरघाटात लोहमार्गाचं काम चालू होतं. तो १८६३मध्ये खुला झाला. तिथला सर्वांत तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर.

समजा, अशा चढावर १००० मीटरच्या खुणेपाशी रूळ २०० मीटर उंचीवर आहेत. मग य − २०० = (१/३७)(क्ष − १०००). चढ तोच राहिला, तर १३७० मीटरच्या खुणेपाशी रूळ किती उंच? कंसात ३७०, भागिले ३७, म्हणजे १०. उंची २१० मीटर. चढ सुरू कुठे झाला, हे शोधावंच लागत नाही. आता (१३७०, २१०) हाच बिंदू धरून समीकरण नव्यानं लिहिलं, तर ते दिसायला वेगळं दिसेल. पण कंस सोडवले की दोन्हींतून एकच रेषा निघते.