प्रमुख वक्त्याची कुळकथा

सोयाबीन घरात आले, कापसाच्या वेचण्या मार्गी लागल्या की महागाव तालुक्यात वक्त्यांचा हंगाम सुरू होतो. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, १५ फेब्रुवारीला तांड्यातांड्यांवर संत सेवालाल महाराज, १९ला शिवजयंती, २३ला गाडगेबाबा आणि ऊन चढल्यावर ११ ते १४ एप्रिल फुले-आंबेडकर. महागाव असो, फुलसावंगी असो की गुंज, फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या फोटोंच्या रांगेत एक नाव वेगळ्या रंगात उठून दिसते: प्रमुख वक्ते. या जागी पूर्वी बहुधा प्राध्यापक असत. आता तिथे शिखर सर केलेला गिर्यारोहक, टीव्हीवरचा पत्रकार, शून्यातून वर आलेला उद्योजक किंवा अनाथांना सांभाळणारी समाजसेविका दिसते. जाणती मंडळी यावर नाक मुरडतात. ही कंपन्यांच्या परिषदांतून आणि मोबाइलवरच्या टेड भाषणांतून उतरलेली साथ आहे, असे त्यांचे म्हणणे. हे निदान अर्धेच खरे आहे. या वक्त्याचा पेहराव बाहेरचा असेल, त्याच्या कानाजवळचा माइकही बाहेरचा असेल. पण कूळ इथलेच आहे. ते शोधायचे तर आधी कीर्तनात जाऊन बसावे लागते.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग किंवा पद घेऊन सिद्धांत उलगडतात. तो संपला की नामाचा गजर होतो, कुणीतरी पुढे होऊन बुवांच्या कपाळी बुक्का लावतो, गळ्यात हार घालतो, बुवा उपरणे सावरतात आणि उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला हात घालतात. आजच्या कार्यक्रमात परिचय आणि भाषण यांच्या मधोमध शाल-श्रीफळ येते ते या हाराच्याच जागी. बुवांना मिळणारी बिदागी आज पाकीट झाली आहे. पण या मांडणीतली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कथेचा नायक आणि कथा सांगणारा ही कीर्तनात कायम दोन माणसे असतात. बुवा हरिश्चंद्राचे सांगतील, ध्रुवाचे सांगतील, तुकोबांचे सांगतील. स्वतःचे सांगू लागले तर श्रोते चुळबुळ करतील. वऱ्हाडातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ही चौकट जवळजवळ मोडली. पोथीतले आख्यान बाजूला सारून ते वऱ्हाडी बोलीत समोरच्यांनाच प्रश्न टाकत: कर्ज काढून सण कशाला, देवाला बकरे कशाला, पोर शाळेत का नाही? तरीही आत्मचरित्र त्यांनी कीर्तनात आणले नाही. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. ज्याने सकाळी गटार साफ केले त्याला रात्री स्वतःची ओळख करून देण्याची गरज उरत नसे.

दुसरी पिढी व्याख्यानाची. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली आणि तिच्या मराठी शाखेत, ज्ञानप्रसारक सभेत, निबंध वाचून दाखवण्याची रीत पडली. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत उभे राहिले. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी त्यांच्याच आमंत्रणावरून आलेल्या दयानंद सरस्वतींची भाषणे पुण्याने ऐकली. व्याख्यानाने कीर्तनातला नायक काढून टाकला आणि त्या जागी विषय बसवला. वक्त्याची पात्रता ठरली ती व्यासंगावर. इथे आक्षेप येणारच: हे तर मिशनऱ्यांच्या प्रवचनांचे आणि इंग्रजी कॉलेजच्या सभांचे अनुकरण, यात कीर्तन कुठे आले? नमुना परका होता हे मान्य केलेच पाहिजे. पण व्याख्यानाला वक्ता लागतो तसा श्रोताही लागतो, आणि संध्याकाळी जमून दोन तास एकाच माणसाचे ऐकायचे ही सवय मराठी माणसाला कुणा सभेने लावली नाही. ती आधीपासून होती. अमेरिकेत जोसाया होलब्रूकने १८२६ साली लायसियम म्हणून गावोगाव व्याख्यानमंडळे काढली, आणि १८६८ साली बोस्टनमध्ये वक्ते पुरवणारी एजन्सी उभी राहून पुढे मार्क ट्वेनसारख्यांचे दौरे ठरवू लागली. आपल्याकडे ते काम वाचनालयाची कमिटी, गणेश मंडळ आणि जयंती उत्सव समिती यांनीच केले. १८९३नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात तर कीर्तन, मेळा आणि व्याख्यान एकाच मांडवात आले. आज कीर्तन, उद्या व्याख्यान, श्रोते मात्र तेच.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. पुण्याच्या त्या सभांमध्ये होते कोण? १८८५च्या ग्रंथकार सभेचे आमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, ते याच कारणाने: शेतकऱ्यांची आणि शूद्रातिशूद्रांची दुःखे ज्यांच्या लेखणीत नाहीत त्यांच्यात जाऊन काय करायचे? मग पैनगंगेच्या खोऱ्यातल्या, बंजारा तांड्यांनी भरलेल्या तालुक्यातल्या भाषणाचे मूळ पुण्याच्या सभांत कसे शोधायचे? शोधू नयेच. पुण्याहून महागावला सरळ रस्ता येत नाही. इकडे भाषण आले ते खंजिरीवरच्या भजनातून, म्हणजे १९३५ साली मोझरीला गुरुकुंज वसवणाऱ्या तुकडोजी महाराजांकडून, भीमजयंतीच्या सभांतून, १९६७च्या कायद्याने गावोगाव अनुदान मिळू लागलेल्या वाचनालयांतून, आणि १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून, जिथे सकाळी श्रमदान आणि दुपारनंतर बौद्धिक हा क्रम ठरलेला असतो. गाडगेबाबांचाच तो क्रम, हजेरीपत्रकासकट. या वाटांवर विषयाचे व्याख्यानही आले आणि मोठ्या ताकदीने आले. वणीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर महाभारत आणि ज्ञानेश्वरी घेऊन सभा भारून टाकत. पैनगंगेपलीकडच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर श्रोत्यांच्या लाडक्या समजुतींना धक्के देत बोलत. १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. या दोघांच्या घरची, कष्टांची हकिकत श्रोत्यांना ठाऊक नसली तरी काही अडत नसे.

तिसरे वळण आजच्या प्रमुख वक्त्याचे. इथे नायकच कीर्तनकार झाला. हे कंपन्यांनी घडवले असे म्हणणाऱ्यांनी सालांकडे पाहावे. टेड परिषद १९८४ची, आणि तिचे व्हिडिओ घरोघर पोचले ते आणखी पुष्कळ नंतर. दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८चे. ज्याने भोगले त्याने स्वतः बोलावे, त्याच्या वतीने दुसऱ्याने नव्हे, हा हक्क इथल्या चळवळींनी आधी मागितला. सिंधुताई सपकाळ वर्ध्याकडच्या. त्यांनी स्वतःचे भोगलेले व्यासपीठावर आणले, बहिणाबाई आणि सुरेश भट पेरत आणले, आणि भाषण नाही तर राशन नाही असे उघड सांगून मुले सांभाळण्यासाठी बिदागी मागितली. यवतमाळ जिल्ह्याने तर हा बदल डोळ्यांदेखत पाहिला. १९७३च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गदिमा होते. २०१९ला ९२वे संमेलन पुन्हा यवतमाळला भरले तेव्हा उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे आमंत्रण वादानंतर मागे घेण्यात आले आणि शेतकरी आत्महत्येमागे राहिलेल्या, याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केले. तोवर शेतकऱ्याची विधवा हा आख्यानाचा विषय होता, तिच्यावर पत्रकार पी. साईनाथ लिहीत, प्राध्यापक आणि मंत्री बोलत. त्या दिवशी ती स्वतः बोलली. ही आयोजकांची पळवाट होती, असे तेव्हा म्हटले गेले आणि त्यात तथ्य आहे. एका वक्तीचा अपमान दुसरीच्या सन्मानाने झाकता येत नाही. पण आमंत्रणामागचा हेतू कोता होता म्हणून त्या बाईंच्या बोलण्याचे मोल घटत नाही.

मात्र या वळणावर पूर्वरंग गळून पडला, आणि माझी तक्रार तिथे आहे. आजचे भाषण सगळे आख्यान असते. बालपणीची गरिबी, अपमान, जिद्द, यश, मग टाळ्या. शेवाळकरांच्या कर्णाशी श्रोता असहमत होऊ शकत होता; समोर उभ्या माणसाच्या आयुष्याशी असहमत कसे व्हायचे? यावर उत्तर असे दिले जाते की पोरांना सिद्धांत नको, उमेद हवी. उमेद हवीच. पण २०१८च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले त्यामागे आदिवासी विकास विभागाची योजना होती, निवड होती, महिनोन्‌महिन्यांचे प्रशिक्षण होते. एवढे गाळून फक्त जिद्द सांगितली तर तो चमत्कार होतो, आणि तांड्यावरचा मुलगा घरी जाऊन एवढेच म्हणतो की आपल्यात ती जिद्द नाही. अकोला जिल्ह्यातून बालवधू म्हणून मुंबईला गेलेल्या, पुढे कमानी ट्यूब्ज ही कंपनी सावरून २०१३ साली पद्मश्री झालेल्या कल्पना सरोज यांच्या कथेतही सरकारी योजनेतून मिळालेले कर्ज आहे. सत्काराच्या भाषणातून पहिले गळते ते हेच.

हे तपशील भाषणात परत आणायचे काम एके काळी अध्यक्षाचे होते. अध्यक्षीय समारोपात तो वक्त्याच्या मांडणीला जोड द्यायचा किंवा तिचा प्रतिवाद करायचा. म्हणून त्या खुर्चीवर वक्त्याच्या तोडीचा माणूस लागे. आज तिथे वर्गणी देणारा किंवा निवडून आलेला बसतो आणि दीपप्रज्वलन झाले की ‘पुढचा नियोजित कार्यक्रम’ म्हणून निघून जातो. त्याला परत आणून बसवण्यात काही हशील नाही. गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारत. आता ते काम श्रोत्यांनी घ्यावे. महागावच्या शिबिरात, जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या मुलीने उद्योजक पाहुण्यांना विचारावे: पहिले कर्ज कोणत्या बँकेने दिले, आणि तारण काय ठेवले होते?